चढणें, उतरणें, ओसरणें



आजच्या भाषणाचा विषय प्रथमदर्शनीं शाळेच्या फळ्यावरचा वाटेल. एखादी गोष्ट वाढली किंवा कमी झाली, हें इंग्रज माणूस कोणत्या शब्दांनीं सांगतो आणि आपण कोणत्या शब्दांनीं सांगतों, एवढाच तो विषय आहे. परंतु या लहानशा प्रश्नामागें बराच मोठा इतिहास आहे, त्यांतील एक-दोन पानें आपल्या कोल्हापुराशीं निगडित आहेत, आणि त्याच प्रश्नापुढें मी स्वतः एकदां भर वर्गांत निरुत्तर झालों आहें. म्हणून तो आपणांपुढें मांडण्याचें धाडस करतों. मी कोणी भाषाशास्त्रज्ञ नव्हे. जुन्या अकरावीची मॅट्रिकची परीक्षा झालेला आणि पुढें सारा जन्म खडू-फळ्याच्या सोबतींत घालविलेला एक निवृत्त शिक्षक आहें.

इ. स. २००५ च्या जुलैअखेर पंचगंगेला मोठा पूर आला. तो उतरून शाळा पुन्हां भरली, तेव्हां मीं सातवीच्या मुलांना पुरावर पांच इंग्रजी वाक्यें लिहावयास सांगितलीं. नदीकांठच्या गांवाहून येणाऱ्या एका मुलानें शेवटचें वाक्य लिहिलें होतें, ‘द वॉटर गॉट डाउन’. पाणी उतरलें, असें त्याला म्हणावयाचें होतें. एस.टी.तून उतरणें म्हणजे ‘गेट डाउन’, हें मींच त्याला शिकविलें होतें. मीं हंसून विचारलें, “काय रे, पाणी एस.टी.तून उतरलें वाटतें?” सारा वर्ग हंसला. मुलगा मात्र हंसला नाहीं. तो उभा राहून म्हणाला, “सर, ताप उतरतोय, भाव उतरतोय, एस.टी.तनं माणूस उतरतोय. मराठीत समद्यांस्नी एकच शब्द. मग इंग्रजीत एकट्या पाण्यानंच काय केलंय?”

मीं त्या शब्दांवर तांबडी रेघ ओढली, वर ‘डिक्रीज्ड’ असें लिहिलें आणि पुढची वही हातीं घेतली. उत्तर दिलें नाहीं, कारण तें मजजवळ नव्हतें. पुढें सवडीनें जें वाचलें, जें आठवलें, त्यावरून त्या मुलाला तेव्हांच द्यावयास हवें होतें तें उत्तर आज जुळवून पाहतों.

प्रथम इंग्रजीकडे पाहूं. त्या भाषेंत वाढ-घट सांगणाऱ्या शब्दांचीं दोन घराणीं आहेत. एक लॅटिन आणि फ्रेंच भाषांतून आलेलें. ‘इन्क्रीज’, ‘डिक्रीज’, ‘डिमिनिश’, ‘रिड्यूस’ हीं त्यांतील भारदस्त मंडळी. दुसरें घराणें अगदीं घरगुती. ‘गो’, ‘कम’, ‘कट’, ‘फॉल’ असें एखादें आंखूड क्रियापद घ्यावयाचें आणि त्याच्या पाठीशीं ‘अप’, ‘डाउन’, ‘ऑफ’, ‘आउट’, ‘अवे’ असा एखादा चिमुकला शब्द बांधावयाचा, कीं झालें काम. सरकारी अहवालांत भाव ‘इन्क्रीज’ होतात. भाजी घेऊन घरीं आलेल्या गृहिणीच्या तोंडीं ते ‘गो अप’ होतात. अर्थ एकच, पण एकाच्या अंगावर कचेरीचा अंगरखा आहे आणि दुसरा घरांतल्या कपड्यांत आहे.

हीं जोडक्रियापदें परक्या माणसाला छळतात, ही तक्रार कांहीं आपली एकट्याची नाहीं. डॉक्टर सॅम्युअल जॉन्सन यांनीं १७५५ सालीं आपला प्रसिद्ध इंग्रजी कोश छापिला, त्याच्या प्रस्तावनेंत त्यांनीं ही गोष्ट स्पष्ट नमूद केली आहे. क्रियापदाला असा शब्द जोडला कीं अर्थ भलतीकडेच जातो आणि परदेशीयांची मोठी अडचण होते, म्हणून आपण अशीं रूपें काळजीपूर्वक वेंचलीं आहेत, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय आहे. त्या वर्षीं कोल्हापूरच्या गादीवर दुसरे संभाजी महाराज होते आणि राजधानी अद्याप पन्हाळ्यावर होती. म्हणजे इंग्रजीचें एक अक्षरहि आपल्या गांवांत शिकविलें जाण्यापूर्वीं आपल्या पुढच्या अडचणीची नोंद लंडनांत होऊन गेली होती! या क्रियापदांना आज रूढ असलेलें ‘फ्रेजल व्हर्ब’ हें नांव मात्र फार उशिरां मिळालें. लोगन पिअर्सल स्मिथ यांनीं १९२५ सालच्या आपल्या पुस्तकांत तें वापरलें आणि ऑक्सफर्ड कोशाचे संपादक हेन्री ब्रॅडली यांनीं तें सुचविल्याचें सांगितलें.

आतां कोणी म्हणेल, क्रियापदाला असें शेपूट लावण्याची ही काय तऱ्हा! परंतु ती आपल्या पूर्वजांना अपरिचित नव्हती. संस्कृतांतील उपसर्ग आठवा. ‘नति’ला ‘उत्’ लागला कीं उन्नति, ‘अव’ लागला कीं अवनति. ‘चय’ला ‘उप’ लागला कीं उपचय, ‘अप’ लागला कीं अपचय. हे उपसर्ग धातूच्या आधीं येतात, पण वेदांच्या भाषेंत ते धातूच्या मागूनहि येतात, आणि मध्यें दुसरे शब्द घालून दूरहि राहतात, हें पाणिनीनें सांगून ठेविलें आहे. जुन्या इंग्रजींतहि असे शब्द कांहीं धातूला आधींच चिकटलेले, कांहीं सुटे, अशी स्थिति होती. पुढें इंग्रजीनें त्यांना क्रियापदाच्या मागें नेऊन मोकळें सोडलें. आपल्या मराठीनें निराळा मार्ग धरला. तिनें जुने उपसर्ग शब्दांच्या पोटांत जिरवून टाकले आणि नवें काम दुसऱ्या क्रियापदांवर सोंपविलें. वाढत जाणें, भरून येणें, आटून जाणें, खाऊन टाकणें, हीं आपलीं जोडक्रियापदेंच होत.

या जिरलेल्या उपसर्गांचें एक गमतीचें उदाहरण त्या मुलाच्याच शब्दांत होतें. ‘उतरणें’ हा शब्द ‘उत्’ आणि ‘तॄ’ यांपासून आलेला. ‘तॄ’ म्हणजे तरणें, पार जाणें, आणि ‘उत्’ म्हणजे वर. पाण्यांतून पार होऊन वर कांठावर येणें, हा त्याचा मूळ अर्थ. उत्तीर्ण शब्दहि त्याच कुळांतला, आणि म्हणूनच कसोटीस उतरणें म्हणजे कसोटींत यशस्वी होणें. अशा या ‘वर’ येणाऱ्या शब्दाला कालांतरानें खालीं येण्याचा अर्थ चिकटला. इंग्रजींतहि हाच चमत्कार आहे. विहीर आटली हें इंग्रज ‘ड्राय अप’ असें सांगतो. पाणी तर खालीं गेलें, मग ‘अप’ कशाचें? तें ‘अप’ दिशा सांगत नाहीं. कार्य पुरें झालें, थेंबहि उरला नाहीं, असें सांगतें. आपण ‘विहीर आटून गेली’ म्हणतों, त्यांतलें ‘गेली’ जें सांगतें, तेंच.

आतां आपल्याकडे इंग्रजी कशी आली तें पाहूं, कारण माझ्या तांबड्या रेघेचें मूळ तेथें आहे. आपल्याकडे ती आली ती कचेरीच्या, न्यायालयाच्या आणि ग्रंथांच्या दारानें. म्हणजे पहिल्या, भारदस्त घराण्याची. मोल्सवर्थ यांनीं आरंभिलेला आणि कँडी यांनीं पुरा केलेला इंग्रजी-मराठी कोश १८४७ सालीं मुंबई सरकारसाठींच तयार झाला. १८५७ सालीं मुंबई विद्यापीठ स्थापन झालें, १८५९ सालीं पहिली मॅट्रिकची परीक्षा झाली, आणि इंग्रजी ही परीक्षेची भाषा झाली. आमच्या कोल्हापुरचे तरुण छत्रपति दुसरे राजाराम महाराज १८७० सालीं युरोपच्या प्रवासास गेले; ते आपली दैनंदिनी इंग्रजींत लिहीत. परत येतांना त्याच वर्षीं ३० नोव्हेंबरला फ्लॉरेन्स येथें त्यांचा अंत झाला, आणि १८७२ सालीं ती दैनंदिनी लंडनांत छापून निघाली. त्यांचेंच नांव लाभलेल्या राजाराम हायस्कुलांत गोपाळ कृष्ण गोखले शिकले आणि १८८१ सालीं मॅट्रिक झाले.

गोखल्यांचें नांव येथें सहज घेतलें नाहीं. वाढ आणि घट यांवर इंग्रजींत सर्वांत अधिकारानें बोललेला आपल्या गांवच्या शाळेचा विद्यार्थी तोच. १९०२ सालीं वरिष्ठ कायदेमंडळांत अर्थसंकल्पावर त्यांचें पहिलें भाषण झालें. सरकारच्या तिजोरींत शिल्लक वाढते हें प्रजेच्या भरभराटीचें लक्षण नव्हे, कर गरजेहून जास्त आहेत याचें तें लक्षण आहे, असें त्यांनीं आंकड्यांनिशीं मांडलें. मिठावरील कर तेव्हां मणामागें अडीच रुपये होता. तो १९०३ सालीं दोन रुपये, १९०५ सालीं दीड आणि १९०७ सालीं एक रुपया झाला. अशा सभेंत ‘रिडक्शन’ आणि ‘इन्क्रीज’ हेच शब्द शोभतात, आणि तें इंग्रजी आपण उत्तम कमावलें. उणीव राहिली ती चुलीजवळच्या इंग्रजीची. ती शिकावयाला चूलच नव्हती!

ती उणीव शाळेनें याद्यांनीं भरून काढूं पाहिली. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालांनीं कित्येक पिढ्यांना इंग्रजी लिहावयास शिकविलें, त्याचें ऋण मोठें आहे; माझ्या वडिलांच्या पेटींत त्यांतील एक भाग शेवटपर्यंत होता. परंतु आम्हीं शिक्षकांनीं पुढें सोपा मार्ग काढला. ‘गो डाउन’ म्हणजे कमी होणें, ‘फॉल ऑफ’ म्हणजे कमी होणें, ‘डाय डाउन’ म्हणजे कमी होणें, ‘कट डाउन’ म्हणजे कमी करणें. फळ्याच्या डाव्या बाजूस दहा शब्द, उजवीकडे एकच. मुलांनीं पाठ केलें, गुण मिळविले. महाराष्ट्रांत २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आलें. मुलें लवकर शिकूं लागलीं, पण यादी तीच राहिली. विलायतेंत ऑग्डेन नांवाच्या विद्वानानें १९३० सालीं जगासाठीं सोपें इंग्रजी म्हणून अवघ्या ८५० शब्दांची एक भाषा रचली, तींत क्रियापदें फक्त १८ ठेविलीं. उरलेलीं सारीं कामें ‘अप-डाउन’च्या जोड्यांवर! ज्याला तो सोपें समजला, तेंच आपल्या मुलांना सर्वांत अवघड.

त्या यादींत काय हरवलें, तें आपल्या भोवतालच्या गोष्टींवरून पाहूं. गुऱ्हाळांत काहिलीतला रस उकळून उकळून कमी होतो. आपण म्हणतों रस आटला, इंग्रज म्हणतो ‘बॉइल्ड डाउन’. पेरणीच्या दिवसांत वर्गांतली हजेरी रोडावते, तेथें इंग्रजींत ‘फॉल ऑफ’. जणूं झाडावरून पानें गळावीं. संध्याकाळीं वारा पडतो, तेथें ‘डाय डाउन’. जोतिबाची यात्रा संपून गर्दी पांगते, तेथें ‘थिन आउट’. म्हणजे दाट होतें तें विरळ झालें. देवळाची पायरी शेंकडों वर्षांच्या पावलांनीं झिजते, तेथें ‘वेअर अवे’. दूर जाणाऱ्या वाद्यांचा आवाज विरत जातो, तेथें ‘डाय अवे’. वाढीच्या बाजूस भाव भडकतात तेव्हां ‘शूट अप’, नकळत चढत राहतात तेव्हां ‘क्रीप अप’, मंदीनंतर बाजार सावरतो तेव्हां ‘पिक अप’, आणि चढतां चढतां स्थिरावतो तेव्हां ‘लेव्हल ऑफ’. शाहू महाराजांनीं १९१२ सालीं उभारलेल्या खासबाग मैदानाची माती अंगाला लावणाऱ्या पोराचें अंग वर्ष-दोन वर्षांत भरतें. त्यालाहि इंग्रजींत ‘फिल आउट’ असा नेमका शब्द आहे.

यावरून एक गोष्ट ध्यानांत येईल. इंग्रजीची नजर मुख्यतः हालचालीकडे आहे. वस्तु वर गेली कीं खालीं, सुटली कीं विरली, हें ती मागच्या छोट्या शब्दानें सांगते. मराठीची नजर त्या वस्तूकडेच आहे. कमी होणारा पदार्थ कोणता, हें पाहून ती क्रियापद निवडते. रस आटतो, वारा पडतो, गर्दी पांगते, दगड झिजतो, सूज उतरते, प्रकृति खालावते, हजेरी रोडावते. यांतील एकाचा शब्द दुसऱ्याला देऊन पाहा. हजेरी आटली किंवा दगड रोडावला म्हटलें, तर लहान मूलहि हंसेल. आणि आपल्या मनाची भीडहि त्यांत उतरली आहे. बांगडी फुटली असें घरांतली वडील स्त्री म्हणत नाहीं, वाढली म्हणते. देवापुढें नारळ फोडीत नाहींत, वाढवितात. अशुभ उच्चार टाळण्यासाठीं मोडण्यालाच वाढणें म्हणणारी ही भाषा परक्याला किती चकवीत असेल, याचा विचार ‘ड्राय अप’वर रागावतांना आपण करावा.

म्हणून उजवीकडे एकच ‘कमी होणें’ लिहिणारी यादी दोन्ही भाषांवर अन्याय करते. मुलाला इंग्रजी तर येत नाहींच, वर त्याच्या घरची मराठी पातळ होते. आज वृत्तपत्रें उघडावीं, तर पाणीपातळींत घट झाली, उपस्थितींत घट झाली, तापमानांत घट झाली, मागणींत घट झाली! सगळीकडे ‘वाढ होणें’ आणि ‘घट होणें’. हे शब्द अशुद्ध आहेत असें माझें म्हणणें नाहीं. माधव जूलियन या नांवानें कविता लिहिणारे प्राध्यापक माधवराव पटवर्धन आमच्या राजाराम महाविद्यालयांत अध्यापक होते. त्यांनीं १९२५ सालीं फारसी-मराठी कोश आणि १९३८ सालीं ‘भाषाशुद्धि-विवेक’ हें पुस्तक प्रसिद्ध केलें. शब्द कोठून आला हा प्रश्न त्यांच्यामुळें महाराष्ट्रांत बराच गाजला. परंतु आपले ‘कमी’ आणि ‘जास्त’ हे दोन्ही शब्द मूळचे फारसीच्या वाटेनें आलेले आहेत, आणि ते आल्यानें ओसरणें, आटणें, रोडावणें यांपैकीं एकहि शब्द मेला नाहीं. परका शब्द पाहुणा म्हणून आला तर घर मोठें होतें. एकच शब्द सर्वांच्या जागेवर बसला, मग तो घरचा असला तरी, घर रिकामें होतें.

हा केवळ अलंकाराचा प्रश्न असता, तर मीं आपला वेळ घेतला नसता. कोल्हापुरांत राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांवर गेलें कीं इशारा मानतात, ४३ फुटांवर धोका. २०१९ सालच्या ऑगस्टांत तें ५५ फुटांपलीकडे गेलें. त्या पुरांत एक वृद्ध जोडपें आठवडाभर माझ्या घरीं राहिलें होतें. ज्या मुलाच्या वहीवर मीं तांबडी रेघ ओढली, त्याचे तें आईवडील. तो स्वतः गांवांत जनावरांपाशीं थांबला होता. एके सकाळीं बातमी आली, पाणीपातळींत घट झाली. म्हातारा लगेच धोतर नेसून निघावयास तयार झाला. दुभतीं जनावरें होतीं, घर उघडें होतें. मीं मुलाला फोन लावून विचारलें, “पाणी ओसरलें का?” तो म्हणाला, “ओसरलं न्हाई सर. उतार लागलाय नुसता. घरात अजून छातीएवढं हाय. त्यास्नी सोडू नगासा.”

दोन शब्द, आणि त्यांत सारें आलें. उतार लागला म्हणजे चढणें थांबून पाणी खालीं सरूं लागलें. उतरलें म्हणजे उंची पुष्कळ कमी झाली. ओसरलें म्हणजे जमीन सोडून पाणी आपल्या पात्रांत परतलें. ‘घट झाली’ या शब्दांत तिन्ही बसतात, म्हणून त्यांतून एकहि कळत नाहीं. मीं म्हाताऱ्याला हाताला धरून खालीं बसविलें. चौथ्या दिवशीं फोन आला, “सर, ओसरलं,” आणि मग तीं दोघें गेलीं.

त्यांना न्यायला मुलगा आला होता. चहा घेतांना मीं त्याला चौदा वर्षांचें राहिलेलें उत्तर दिलें. ‘गेट’मध्यें स्वतःला हलविण्याचा भाव आहे; माणूस आपण होऊन उतरतो, पाणी तसें उतरत नाहीं. म्हणून इंग्रजींत पाणी ‘गोज डाउन’, ताप आणि भाव ‘कम डाउन’. आणि एस.टी.तून उतरणारा माणूस इंग्रजाच्या तोंडीं ‘गेट्स ऑफ’ असतो. मीं शिकविलेलें ‘गेट डाउन’ आपल्याकडेच फार चालतें. तेव्हां चूक अर्धी त्याची, अर्धी माझी. त्याची मराठी मात्र पहिल्यापासून बरोबर होती.

त्यानें शांतपणें ऐकून घेतलें आणि विचारलें, “मग सर, ते वर लिवलेलं ‘डिक्रीज्ड’ तरी बराबर हुतं का?” मीं म्हटलें, “व्याकरणानें बरोबर होतें.” तो या खेपेला हंसला. आईवडिलांना घेऊन तो निघून गेला, आणि मी पुष्कळ वेळ दारांत उभा होतों.